तोकुनबो मास्तरांचं हिरवं कापड

"अख्ख्या लेगॉसात तोंड बंद ठेवणारा शिंपी एकच, आणि तो म्हणजे मी!" असं तोकुनबो मास्तर दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे. तोंड बंद ठेवणारा माणूस हे इतक्यांदा कशाला सांगेल, असा प्रश्न त्यांच्या बायकोला, सुंबोला, पडायचा. मास्तरांना तो कधीच पडला नाही.

त्या वर्षी अबोसेडे बाई त्यांच्या सुरुलेरेतल्या दुकानात शिरल्या, त्या मागे दार लावून घेतच. अबोसेडे बाई म्हणजे टीव्हीवरची सासू! बावीस वर्षं त्या सुनांना छळत होत्या. बाजारात टोमॅटो घ्यायला गेल्या तरी पोरीबाळी तोंडावर शिव्या द्यायच्या. शिव्या पोत्यानं मिळाल्या, बक्षीस मात्र एक नाही! सिनेमा-टीव्हीवाल्यांचा दरवर्षी 'सोनेरी ढोल'चा मोठा समारंभ होतो. त्याच्या यादीत बाईंचं नाव सहा वेळा लागलं आणि सहाही वेळा मंचावर दुसरीच गेली. आता ही सातवी खेप.

"मास्तर, आई येतेय अबेओकुटाहून," बाई म्हणाल्या. "ब्याऐंशी वर्षांची आहे. म्हणते, तुला एकदा ढोल घेताना बघू दे, मग मी मोकळी. घरचे चाळीस जण आहेत. आसो-एबी तुम्हीच शिवायचं."

आसो-एबी म्हणजे घरचं कापड. लग्न असो, बारसं असो, मयत असो, एका घरच्या सगळ्यांनी एकाच थानातलं घालायचं. माणूसबळ किती, ते लांबून दिसलं पाहिजे! ढोल मिळाला की विजेत्यानं मंचावरून हाक मारायची, "माझी माणसं, उठा!" आणि अख्ख्या गोतावळ्यानं उठून नाचायचं. लोक टीव्ही बघतात ते त्या नाचासाठी.

बाईंनी कापड दाखवलं. कोवळ्या भेंडीसारखी हिरवी लेस, तिच्यावर बारीक चंदेरी टिकली. मास्तरांचे हात शिवशिवायला लागले.

"हा रंग त्या सभागृहात दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसला ना..." बाईंनी वाक्य तिथंच सोडलं आणि नुसतं बघितलं. तसं बघण्यानं टीव्हीवरच्या तीन सुना माहेरी पळाल्या होत्या.

मास्तरांनी मोठी कात्री उचलली आणि तिच्या गार पात्याला ओठ टेकवले. लोखंडाची शपथ! मोडली तर लोखंडच उलटतं म्हणतात. "रंग राहू द्या बाई, कापड कुठल्या दुकानातलं हेही या तोंडातून निघायचं नाही!"

बारा दिवस नाही निघालं. तेराव्या दिवशी पिवळ्या चष्म्याची एक बाई बटण लावून घ्यायला आली, आणि तिची नजर खुंटीवरच्या हिरव्या झग्यावर गेली.

"अगं बाई! ही बाही तुम्ही हातानं बसवलीत?"

"हातानं," मास्तर म्हणाले. मान आपोआप ताठ झाली.

"मला वाटलं, पॅरिसहून आलाय! आमच्याकडेही एक कार्य आहे हो. पण असं कापड मिळायला नशीब लागतं."

"नशीब कसलं डोंबलाचं! बालोगुन बाजार, मशिदीमागची गल्ली, डावीकडचं तिसरं दुकान. माझं नाव सांगा!"

बाई गेल्यावर मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं. मग कात्री उचलून खणात ठेवली.

"कोण आलं होतं?" सुंबोनं आतून विचारलं.

"बटण!"

बारसं असेल कुठंतरी आडबाजूला, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली. कसलं कार्य, कुणाचं कार्य, विचारायला तोंड होतं की! पण ते नेमकं त्याच वेळी बंद राहिलं.

गुरुवारी द्यायचे कपडे शनिवारी दुपारी तीनला पूर्ण झाले. मास्तरांच्या हिशेबानं हे लवकरच होतं. समारंभ त्याच संध्याकाळी होता, म्हणून बाई सकाळीच पुढं गेल्या होत्या. बाकी घरचे अर्ध्या बटणांनिशी बसमध्ये चढले. म्हातारी आजी खिडकीशी, शेजारी तिला धरायला सुंबो. मास्तरांना बाईंनी खास बोलावलेलं. त्यांनी स्वतःलाही त्याच लेसचा घोळदार अंगरखा शिवला होता. ते भाड्याच्या मोटारसायकलवर मागं बसले आणि पुलावरच्या गर्दीतून सुळकन निघून गेले. बस मात्र पुलावर अडकली.

सभागृहाच्या दारात सूटबूटवाला स्वयंसेवक उभा होता. घरच्यांना पास नव्हतेच, कापड हाच पास! "हिरवे? उजवीकडे, तिसरी ओळ." मास्तर आत गेले आणि बघतात तर काय, हिरवा ताटवा आधीच गच्च फुललेला. वा! बस माझ्या आधी पोचली! एका हिरव्या काकांच्या पाठीवर थाप मारून मास्तर उरलेल्या एकुलत्या खुर्चीत बसले.

मग त्यांची नजर शेजारच्या बाहीवर गेली. शिवण तिरकी होती. पलीकडच्या माणसाचा खांदा बघितला, तर तोही ढगळ. ही शिवण माझी नाही! ही चाळीसच्या चाळीस माणसं माझी नाहीत!

"अय्या, मास्तर!" ओळीच्या टोकाकडून पिवळा चष्मा वळला. "आलात होय! बघा, तुमच्यामुळं कसं शोभून दिसतंय! ती पहिल्या ओळीत पांढऱ्या झग्यात बसलीये ना, ती माझी वहिनी. रोन्के!"

रोन्के बाई! टीव्हीवरची रडकी आई! अबोसेडे बाईंच्या विरुद्ध, त्याच ढोलासाठी!

खिशातला फोन थरथरला. पलीकडं सुंबो होती आणि मागं कोण कुणावर ओरडतंय ते कळत नव्हतं.

"अहो, आम्हाला आत सोडेनात! म्हणतात, हिरवे सगळे आत बसलेत, तुम्ही नक्कल करून घुसताय! यादीत हिरवा दोनदा होता, ती छापायची चूक समजून एक खोडला म्हणे! आजींना फाटकाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलंय. तुम्ही कुठं आहात?"

"आत," मास्तर म्हणाले. या एका शब्दाची त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी फोनच बंद केला.

ते स्वयंसेवकाकडे धावले. "ही माणसं खोटी आहेत! म्हणजे खरी आहेत, पण आमची नाहीत!"

"काका, खाली बसा. थेट प्रक्षेपण सुरू आहे."

अजून वेळ होता. पहिल्या ओळीत जायचं, बाईंच्या कानाशी वाकायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण बाईंनी तेवढ्यात मागं वळून पाहिलं. हिरवी ओळ भरलेली बघून लांबूनच छातीवर हात ठेवला आणि हसल्या. बावीस वर्षांत त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मास्तर परत खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून जी प्रार्थना केली, ती आठवली की आजही त्यांचे कान लाल होतात. ते म्हणाले, "देवा, सातव्यांदाही हरू दे तिला!"

देवानं ऐकलं नाही.

"सोनेरी ढोल... अबोसेडे बाई!"

सभागृह दणाणलं. बाई मंचावर गेल्या, ढोल काखेत धरला, त्यावर थाप मारली आणि ओरडल्या, "माझी माणसं, उठा!"

वाद्यं सुरू झाली. कॅमेरा गर्रकन वळला आणि भिंतीएवढ्या पडद्यावर बाईंचा गोतावळा दिसला. हाताची घडी, लांबलेली तोंडं, नुकताच काढा पाजल्यासारखी! पिवळा चष्मा तर डोळे पुसत होता. अख्खा देश बघत होता.

"उठा की!" बाई पुन्हा म्हणाल्या. आवाज आता लहान झाला होता. "अगं, आई कुठाय?"

कुणी हललं नाही. आणि मग तिसऱ्या ओळीत एक हिरवा अंगरखा उभा राहिला. मास्तर नाचले! एकटे! दोन्ही हात वर, घोळ पायात अडकतोय, चेहरा रडवेला. दोन मिनिटं वाद्यं थांबली नाहीत, म्हणून मास्तरही थांबले नाहीत. मरण आलं तरी चालेल असं माणूस म्हणतो, ते मास्तर प्रत्येक ठेक्याला म्हणत होते.

बाई आईला शोधत ढोल घेऊन धावत फाटकाबाहेर आल्या, तेव्हा आजी समारंभ लागलेला पहारेकऱ्याचा फोन कानाला लावून बसली होती. विजेत्याचं पाकीट उघडताना नेमकं प्रक्षेपण तुटलं होतं.

"कुणाला मिळाला गं?"

"मला, आई."

"मग मला कसा नाही दिसला?"

बसच्या मागं मास्तरांनी नव्या अंगरख्यासकट धुळीत साष्टांग दंडवत घातला आणि सगळं ओकून टाकलं. कात्री, बटण, पॅरिस, तिसरं दुकान, आणि ती प्रार्थनासुद्धा. बाईंनी ढोल काखेत आवळला. नुसतं बघितलं.

पुढं जे झालं ते त्याहून वाईट. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मास्तरांना सगळ्यांसमोर उभं केलं. "चाळीस नातेवाईक बसून राहिले आणि उठला कोण? शिंपी! याला म्हणतात इमान!" त्यांचा नाच घरोघरी फोनवर फिरत होता. लोक दुकानात येऊन हात हातात घ्यायचे. मास्तर जमिनीकडे बघत "माप घेऊ का?" एवढंच विचारायचे. सुंबो कोपऱ्यातून बघायची आणि खणातली कात्री मुद्दाम काढून टेबलावर ठेवायची.

बुधवारी बाईंचा फोन आला. "येत्या रविवारी माझ्या अंगणात ये. हिरवं घालून." बाई 'तुम्ही' वरून 'तू' वर आल्या होत्या.

आजींना ढोल घेताना दिसावा म्हणून अंगणात फळ्यांचा मंच बांधला होता. ढोलवाले बोलावले होते, लाल तिखट जोलोफ भाताचे टोप चढले होते. घरची चाळीस माणसं हिरव्या लेसमध्ये, आणि मधोमध मानाच्या खुर्चीत आजी.

"मास्तर, तुझी खुर्ची ती. समोर, एकटी," बाई म्हणाल्या. "आम्ही नाचू. तू उठायचं नाहीस. हाताची घडी घालायची आणि तोंड पाडून बसायचं."

तोंड पाडायला सांगावं लागलं नाही.

नाव पुकारलं गेलं. बाईंनी ढोल घेतला, थाप मारली आणि खड्या आवाजात ओरडल्या, "माझी माणसं, उठा!" अंगण उठलं! सुंबो उठली, आजीसुद्धा काठी टेकून उठली आणि बसल्या जागी डुलायची ती उभ्यानं डुलली. तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं. मास्तरांचे पाय खुर्चीखाली ठेका धरायला लागले, ते त्यांनी एकमेकांवर दाबून ठेवले.

नाचता नाचता आजी थांबली. तिची नजर मंद, पण कापडाला पक्की.

"हा कोण गं? आपलंच कापड घातलंय आणि उठत नाही?"

"तो रोन्केच्या माणसांतला, आई."

आजी काठी टेकत जवळ आली. मास्तरांची बाही तिनं दोन बोटांत धरली, उलटली, शिवणीवरून अंगठा फिरवला. "काय सुरेख हात आहे! आपल्या कपड्यांसारखाच. काय रे, कोण शिंपी तुझा?"

ढोलवाले थांबले. अंगणात सगळे मास्तरांकडे बघायला लागले. 'मीच!' मास्तरांच्या जिभेच्या टोकावर आलं, मान आपोआप ताठ व्हायला लागली. पलीकडून बाई नुसतं बघत होत्या.

आणि तोकुनबो मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.