मोहरीलकाका आणि ब्रेकमधली हवा

आमच्या गल्लीत कुणाचीही सायकल उभी दिसली की मोहरीलकाका थांबतात आणि तिचा ब्रेक दाबून बघतात. डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तसा. मग बोट काढतात, मान हलवतात आणि सायकलच्या मालकाला निकाल ऐकवतात. मालक समोर असायलाच हवा असं काही नाही. तो घरात जेवत असला तरी खिडकीतून त्याला ऐकू येतं, ‘‘तारवाला आहे. जाऊ द्या!’’

काकांच्या लेखी जगात दोनच जाती, तारवाले आणि तेलवाले. तारेचा ब्रेक म्हणजे ओढत बसा. तेलाचा म्हणजे एका बोटानं दाबा आणि जागच्या जागी उभे राहा. हीच फूटपट्टी ते माणसांनाही लावतात. माझे बँकेतले साहेब तारवाले. पावसापाण्यात वेळेवर येणारा दूधवाला भैया तेलवाला. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार हात जोडून दाराशी आला आणि पुष्कळ बोलला. तो गेल्यावर काका एवढंच म्हणाले, ‘‘हवा आहे आत.’’ यापेक्षा मोठी शिवी त्यांच्याकडे नाही.

मी त्यांचा भाडेकरू. पुण्याहून भोपाळला बदली झाली आणि आनंद नगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मिळाला. काका मूळचे नागपूरचे. वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले ते इथलेच झाले. काकांची नोकरी रायसेन रोडवरच्या कारखान्यात गेली, तीही हायड्रॉलिक प्रेसवर. तेलाच्या दाबानं लोखंड वाकवणारी ती मशीन. निवृत्त झाले तरी बोटांतून दाब काही गेला नाही. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या स्कूटरचा ब्रेक गल्लीत सगळ्यात वाईट आहे. घरासमोर थांबायचं असेल तर ते पिठाच्या गिरणीपासूनच पाय खाली सोडतात. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, ‘‘डॉक्टरला सर्दी होत नाही का जी?’’

त्यांच्या पुढच्या खोलीत, टीव्ही असतो त्या जागी, एक रोड बाइक, म्हणजे शर्यतीची सायकल, उभी आहे. बारीक चाकं, वाकडं हँडल, दोन्ही चाकांना ब्रेकनं धरायच्या पोलादी चकत्या आणि तेलाचे ब्रेक. ती केतकीची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीची. केतकी नोकरीला हैदराबादला गेली आणि सायकल मागे राहिली. मग एका उंदरानं पुढच्या ब्रेकची नळी कुरतडली. केतकीनं फोनवर सांगितलं, ‘‘बाबा, ब्रेक झाले की कळवा. मी येऊन घेऊन जाते.’’

तेव्हापासून दर रविवारी नाश्त्यानंतर तिचा फोन येऊ लागला, आणि दर रविवारी काका दुरुस्तीला बसू लागले.

मी त्यात सापडलो तो माझ्या स्वभावामुळे. मी चौकस आहे. माझी आई याला भोचकपणा म्हणते. एका रविवारी पोहे-जिलेबी आणायला खाली उतरलो तर काकांच्या खोलीत सायकल उघडी पडलेली, आणि मी दारात रेंगाळलो.

काकांनी मान वर केली. ‘‘पुणेकर, डोक्याला तेल-बिल नाही ना लावलं?’’

मी गडबडलो. ‘‘नाही.’’

‘‘मग या. साबणानं हात धुऊन या. चकतीला बोट लावायचं नाही. खोबरेल तेलाचा एक डाग पडला तर ब्रेक आयुष्यभर किंचाळते.’’

हा नियम ते फार कडक पाळत. माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा तिची तेल लावलेली वेणी पाहून त्यांनी तिला अत्यंत अदबीनं अंगणातच खुर्ची दिली. आई अजून तो अपमान विसरलेली नाही.

त्या दिवशी त्यांनी नवी नळी बसवली. ती कापताना श्वास धरला होता, कारण काप जरासा तिरका गेला तरी तेल गळतं. मग नळीवर पितळेची एक बारीक अंगठी चढवली आणि तोंडावरचा नट आवळला. ‘‘एकदा आवळली की ही अंगठी या नळीचीच झाली. दुसऱ्या नळीला चालत नाही,’’ असं म्हणून त्यांनी अंगठीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग खरं काम. हँडलपाशी एक नरसाळं खोचलं. खाली चाकाजवळ तेल भरलेली सिरिंज लावली. मला स्टुलावर बसवून ब्रेकचा लिव्हर हातात दिला आणि स्वतः खाली मांडी घालून बसले.

‘‘दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा... सोडा. घाई काहून करून राहिले? हवा आपल्या सवडीनं येते.’’

आणि खरंच ती आली. नरसाळ्यातल्या तेलात एक बुडबुडा वर चढला, मागोमाग तीन-चार बारके. काका हरखले. ‘‘आली बाप्पा! पाहा, तेल दबत नाही, हवा दबते. थेंबभर हवा राहिली तरी तुम्ही इथं जीव तोडून दाबा, तिकडे चाकाला पत्ताच नसतो.’’ मला ते बुडबुडे बघण्याचा नादच लागला. पोहे विसरलो. पुढचे रविवार मी आपणहून हात धुऊन हजर राहू लागलो.

अशाच एका रविवारी लिव्हर दगडासारखा घट्ट झाला. बुडबुडे थांबले. तेवढ्यात फोन वाजला. काकांचे हात तेलाचे, म्हणून फोन मी धरला आणि स्पीकर लावला.

‘‘बाबा, झाला ब्रेक?’’

‘‘नाही ना. हवा आहे अजून.’’

मी लिव्हर पुन्हा दाबला. दगड. मी काकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी काकांनी मागचा ब्रेकही भरायला घेतला, पण तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘बारीक असते. तुम्हाला नाही दिसायची.’’ मला राहवेना. अरेरा कॉलनीतल्या सायकलच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार हसला. ‘‘भाईसाब, लिव्हर टाइट, बबल बंद, तो काम खतम. घंटेभर का खेल है.’’

मग काका खोटं का बोलतात? मी आठवडाभर याच विचारात होतो. उत्तर मिळालं ते फोन धरता धरता. बापलेकीचं बोलणं चालू होतं. कोणतं तेल, किती बुडबुडे, नट किती आवळला, सगळं केतकी खोदून खोदून विचारत होती. ते संपल्यावर ती म्हणाली, ‘‘बरं. बाकी?’’

‘‘बाकी ठीक,’’ काका म्हणाले, आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं बोलले, ‘‘अगं, घे, केतकी आहे...’’

तिकडे कुणी नव्हतं. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. काकांचा तेलकट हात तसाच हवेत राहिला होता. मला फोन धरून तिथं उभं राहणं नको झालं.

पूर्वी दोघांचं सगळं बोलणं काकूंमार्फत व्हायचं. बाप आणि मुलगी यांच्यामध्ये आता उरली होती ती एक सायकल. ब्रेक झाला असता तर सायकल गेली असती, आणि रविवारी काका काय बोलले असते?

त्यानंतर मी कधी दुकानदाराचं नाव काढलं नाही. मुकाट्यानं दाबत, धरत, सोडत राहिलो.

पण केतकीच कंटाळली असावी. एका रविवारी म्हणाली, ‘‘बाबा, पुढच्या शनिवारी मी येते. सायकल तिथल्या दुकानात दाखवते आणि बरोबरच घेऊन जाते.’’ काका ‘‘बरं’’ म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी गल्लीतली एकही सायकल दाबली नाही. गिरणीवाल्यानं मला मुद्दाम थांबवून विचारलं, ‘‘दादाजी की तबीयत ठीक है ना?’’

शनिवारी केतकी आली. काकांनी सायकलची चाकं लावून, पुसून तयार ठेवली होती. मी सकाळीच दोन्ही ब्रेक दाबून पाहिले होते, दोन्ही दगड. आता इथं थांबायचं मला काहीच कारण नव्हतं, म्हणून मी जिन्याच्या पायरीवर थांबलो.

केतकी आधी मोरीवर गेली. साबणानं हात धुतले, न सांगता. मग येऊन तिनं पुढचा ब्रेक दाबला. डोळे मिटून. हुबेहूब काका. मग मागचा दाबला आणि बराच वेळ दाबून धरला. काका खाली बघत होते, पकडले गेलेल्या माणसासारखे.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘मागच्यात हवा आहे.’’

काकांनी झटक्यानं मान वर केली. त्यांच्या हातच्या ब्रेकमध्ये हवा! जन्मात कुणाची हे म्हणायची हिंमत झाली नव्हती. चेहरा लाल झाला. आता भडकणार, असं मला वाटलं.

‘‘थोडीच आहे,’’ केतकी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, ‘‘पण एका दिवसात नाही निघायची. सायकल राहू द्या इथंच. मी येत जाईन महिन्या-महिन्यानं.’’

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. आयुष्यभराचा अभिमान गिळायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला.

‘‘असेल,’’ ते म्हणाले. ‘‘मागची नळी लांब असते ना. वेळ लागतो तिला.’’

केतकीनं माझं स्टूल ओढून घेतलं. मी वर निघून आलो आणि चौकसपणापायी खिडकी मात्र उघडी ठेवली. खालून आवाज येत होता, ‘‘दाब... धर... सोड. दाब... धर...’’

त्या खेपेला ‘धर’नंतर काका थांबले, आणि वरण अजून तिच्या आईसारखं जमत नाही, हे सांगू लागले. हिंग आधी घालायचा की नंतर, हे विचारायचं राहून गेलं म्हणाले. केतकी काहीतरी हळू बोलली. मग पुन्हा काका बोलू लागले. बराच वेळ झाला तरी ‘सोड’ काही मला ऐकू आलं नाही.