परबकाकींची अकराची वाटी

परबकाकी माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पिशवीकडे बघतात. काळाचौकीच्या आमच्या चाळीत जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आलं की पहिली खोली त्यांची. तिथून पिशवी लपवून पुढे जाणं आजवर कोणाला जमलेलं नाही. हात थेट आत जातो, एक वांगं बाहेर येतं आणि उजेडात फिरतं.

"खयसून घेतलंस?"

"नाक्यावरून, काकी."

"फसवल्यान तुका."

भाव विचारायच्या आधीच आपण फसलेले असतो. कुठे 'दोनावर एक फुकट' अशी पाटी दिसली की काकी थबकणार. "काय तरी भानगड आसा. फुकट देतो म्हणजे त्याला ते दुकानातून घालवायचंय." त्यांची सून अश्विनी फोनवरून भाजी मागवते, ती दहा मिनिटांत दारात येते. त्यावर काकी म्हणतात, "दहा मिनटांत? मग तोडली कधी? आणि वजन कोणी केलं, तुझ्या फोनने?"

पण बाई हुशार, हे मान्य करायलाच हवं. बाजार उठायच्या वेळेला जाणार आणि उरलेला सगळा वाटा अर्ध्या भावात उचलणार. दुधी आणला की त्याची भाजी, सालीची चटणी वेगळी. कलिंगड खाऊन झालं की पांढऱ्या गराची भाजी. कोळंबी आणली तर डोक्यांचं सार. मुलगा प्रशांतचा पगार बेताचा, दोन नातींच्या शाळा, तरी पाच माणसांच्या त्या घरात महिनाअखेरीला कधी ओढाताण दिसली नाही.

मी घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळे काकींना दिवसभर सापडते. मासळीबाजारात मला ओढून नेतात, बांगड्याचे कल्ले उघडून बघतात आणि मग तो बांगडा माझ्या नाकाखाली धरतात. "तू वास घे. मी घेतला तर कोळीण म्हणते, म्हातारी नाटकं करते."

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण रोज अकरा वाजता काकी वाटी घेऊन माझ्या दारात. "चव बघ." मी गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही, नजर माझ्या चेहऱ्यावर. "मीठ? तिखट? कसला वास-बिस नाय ना?" मी मान डोलावली की वाटी परत घेऊन चालत्या होतात.

आता सांगा, संशय येणार नाही? अर्ध्या भावातली भाजी, कुठून कुठून शोधून आणलेलं सामान, आणि ते आधी मला! माझी खात्रीच झाली होती की मी त्यांचा प्रयोगाचा उंदीर आहे. मी दुपारपर्यंत धडधाकट राहिले की मग ते नातींच्या ताटात. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "फुकट मिळतंय ना? खा गुपचूप."

एके दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लग्नाचे तीन ब्लाउज बाराच्या आत द्यायचे होते आणि एकाचीही बाही बसत नव्हती. काकी काळ्या वाटाण्याची आमटी घेऊन आल्या. मी वाटी घेतली, पाण्याचं निमित्त करून आत गेले, आमटी मोरीत ओतली आणि रिकामी वाटी आणून दिली. "मस्त झालीय, काकी."

त्याच दिवशी अश्विनीचे आईवडील जेवायला यायचे होते, हे मला नंतर कळलं. वाटपातलं खोबरं खवट होतं. नुसतं खवट नाही, पार गेलेलं. पहिल्याच घासाला अश्विनीच्या वडिलांनी पाणी मागितलं आणि पोरींनी ताटं ढकलली. अश्विनी ओरडणारी नाही. पाहुणे गेल्यावर गॅलरीत येऊन ती काकींना शांतपणे म्हणाली, "आई, उद्यापासून डबा लावूया. तुम्ही आता आराम करा."

चारच्या सुमाराला काकी माझ्याकडे आल्या. हातात काही नव्हतं.

"सुजाता, खरं सांग. तू चव बघितलेलीस?"

चोरी पकडली गेली की माणूस जास्तच भांडतो. मीही भांडले. "तुमच्या घरी जिभा नाहीत का, काकी? आधी माझ्यावरच कशाला प्रयोग? स्वतः का नाही चाखत?"

काकी कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. "माका कळत नाय गो."

"काय कळत नाही?"

"काहीच. तो कोरोनाचा ताप आला, त्यात वास गेला, चव गेली. सगळ्यांची परत आली, माझी नाय. जिभेला गरम का गार, एवढंच कळतं. एवढी वर्षं अंदाजाने रांधतेय आणि तुझ्या तोंडाने चाखतेय." मग माझा हात धरून म्हणाल्या, "अश्विनीक सांगू नको. तो ओटा गेला तर त्या घरात मी कोण? पाहुणी?"

मला माझीच लाज वाटली. जिच्यावर मी रोज संशय घेत होते, तिने अख्ख्या जगात विश्वास टाकला होता तो एकट्या माझ्यावर. आणि मी आमटी मोरीत ओतली होती.

उठले आणि तशीच अश्विनीकडे गेले. "ते खोबरं माझ्या फ्रिजमधलं होतं. जुनं. मीच दिलं काकींना."

अश्विनीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि आईंनी वास घेतला नाही? त्यांनी?"

"माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी," मी म्हटलं. निदान हे तरी खोटं नव्हतं.

डबा लागला नाही. मात्र अश्विनी तेव्हापासून माझ्या घरची साखरसुद्धा घेत नाही.

आता अकरा वाजले की मी मशीन थांबवते आणि नीट चाखते. मीठ कमी असेल तर कमी म्हणते. परवा काकी कुळथाची पिठी घेऊन आल्या. मी म्हटलं, "सगळं बरोबर आहे, काकी. द्या पोरींना."

काकी गेल्या नाहीत. इकडेतिकडे बघितलं, गॅलरीत कोणी नव्हतं.

"बरोबर ते झालं गो. लागते कशी, ते सांग."

"चांगली लागते."

"तसं नको. आधी काय लागतं?"

मी आणखी एक घोट घेतला, तोंडात धरला. "आधी लसूण. तेलात जरा जास्त लाल झालेली. मग कुळथाचा तो भाजका वास, नाकातून वर चढतो. आणि शेवटी आमसूल, जिभेच्या कडेला."

काकी दाराला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. माझं बोलणं संपलं तसा त्यांनी रिकाम्या तोंडानेच एक घोट गिळला.

"हां," त्या म्हणाल्या, "अशीच लागायची."