चौकात एक मोटार

माझं चुकलं ते एका शब्दात. नगरपालिकेतल्या कारकुनाने फलकाचा मसुदा पुढे सरकवून विचारलं होतं, "साहेब, 'मोटार' लिहू की 'गाडी'?"

मी नगररचनेची परदेशी पदवी घेऊन दोनच महिन्यांपूर्वी परतलेला. गावाचा कोंडलेला श्वास मोकळा करायचा, या एकाच ध्यासाने पेटलेला. बाणेदारपणे म्हणालो, "गाडी! लोकांचा शब्द वापरा."

"त्यात बरंच काही येतं हो," कारकून पुटपुटला.

"येऊ दे!"

(आलं.)

रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मुख्य चौकात एकही गाडी येणार नव्हती. घरी मात्र या क्रांतीला पाठिंबा नव्हता. चौकातच आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आणि दुकानावर घर. त्यामुळे बाबांच्या मते मी म्हणजे सुताराच्या घरी जन्मलेली वाळवी.

"एक अट," शनिवारी जेवताना बाबा म्हणाले. "सहापर्यंत चौकात एकसुद्धा मोटार दिसली नाही, तर तू खुशाल शहरं सुधारत हिंड, मी चकार शब्द काढणार नाही. दिसली, तर सोमवारपासून दुकानात बसायचं."

"मान्य!"

"तुमचं झालं असेल, तर प्लंबरला कोणी फोन करेल का?" आई म्हणाली. "पंप दुरुस्तीला नेऊन दोन दिवस झाले. टाकीत उद्या दुपारपुरतंच पाणी आहे."

मी तिथल्या तिथे फोन केला. (घरचीही कामं मी करतो, हे नोंदवून ठेवा.)

रविवारी साडेआठलाच ताईचा फोन. "ए समाजसुधारका, तुझा हवालदार मला आत सोडत नाहीये!"

"ताई, आज सगळ्यांनी चालत यायचंय."

"चालतच आलेय, बावळटा! गोळ्याची बाबागाडी अडवलीय!"

धावत गेलो. अडथळ्यापाशी तीन हातगाड्या खोळंबलेल्या आणि बाबागाडीत माझा भाचा पाय उडवतोय. शेजारून एक रिक्षा आणि दोन टेम्पो धूर सोडत थाटात आत शिरले.

"हवालदार, अहो ती रिक्षा!"

"हो, रिक्षाच आहे."

"मग सोडलीत कशी?"

हवालदारांनी काठी माझ्याच फलकावर टेकवली. "'कोणतीही गाडी आत आणू नये.' आता रिक्षा म्हणजे रिक्षा, टेम्पो म्हणजे टेम्पो. ही मात्र," काठी भाच्याकडे वळली, "बाबागाडी. नावातच आहे."

"आणि आम्ही कधी धूर सोडला, साहेब?" हातगाडीवरच्या केळ्यांआडून फळवाला म्हणाला.

मी अडथळ्यावर चढलो. "हवालदार, गाडी विसरा! मोटार अडवा! रिक्षा, टेम्पो, मोटार म्हणून जे जे असेल ते सगळं! अगदी माझ्या घरची असली तरी सोडू नका!"

टाळ्या पडल्या. (पहिली माझीच होती.)

दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बाबा बसले होते. "रिक्षा-टेम्पो आले ते मी धरत नाही," ते म्हणाले. "मी मोटार म्हणालो होतो. शब्द म्हणजे शब्द." केवढा दिलदार माणूस, असं वाटून मला गहिवरून आलं.

मग दिवस असा रंगला म्हणता! मुलांनी डांबरावर खडूने घरं आखली. एरवी रस्ता ओलांडायला घाबरणारे दोन आजोबा भर चौकात बुद्धिबळ मांडून बसले. साडेपाच वाजले, मोटारीचा पत्ता नाही. मनातल्या मनात मी पुढच्या गावाचा नकाशा काढायला घेतला.

तेवढ्यात आईचा फोन. "नळाला थेंब नाही. गोळ्याने अंगभर घाण केलीय, ताई मला ओरडतेय, मी तुला ओरडतेय. आणि प्लंबर म्हणतो, तूच त्याला अडवलंयस!"

अडथळ्याशी प्लंबर उभा होता. खांद्यावर आमची पाण्याची मोटार.

"तासभर उभाय, साहेब!"

"हवालदार, यांना का अडवलंत?"

"मोटार आहे ना. तरी मी विचारलं, कोणाच्या घरची? तुमच्याच घरची निघाली." हवालदार ताठ उभे राहिले. "मग तर अजिबात सोडली नाही."

प्लंबरने मोटार धप्पकन खाली ठेवली. "खांदा गेला माझा. तुम्ही उचला, मी हत्यारं घेऊन मागनं येतो."

फोनमधून भाच्याचं भोकाड आणि आईचं "येतोयस का?" एकदमच ऐकू आलं. मोटार खांद्यावर घेतली आणि खडूची घरं चुकवत, लटपटत निघालो. आजोबांनी बुद्धिबळाचा डाव थांबवून वाट दिली. "हुकूम तुमचा, मोडणारेही तुम्हीच," म्हणत हवालदारांनी सलाम ठोकला.

पायरीवर बाबांनी घड्याळ पाहिलं.

"सहाला दहा कमी. मोटार दिसली."

"बाबा, ही पाण्याची आहे!"

"पाण्याची का असेना. मोटार आहे की नाही?"

"एक नंबर मोटार आहे, काका!" मागून प्लंबर अभिमानाने म्हणाला. "वाइंडिंग सगळं नवं केलंय!"

शब्द म्हणजे शब्द. सोमवारी सकाळी मी काउंटरमागे. पहिलं गिऱ्हाईक आलं. "गाडीचा हॉर्न द्या."

"गाडी म्हणजे नेमकी कोणती?" मी विचारलं. "मोटार, रिक्षा, हातगाडी की बाबागाडी? नीट सांगा."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ऐकलंस का गं? शिकला एकदाचा! उगाच पाठवला एवढ्या लांब!"