व्हर्जिल डॉब्स पहिला चेंडू टाकत नाही

“पहिला चेंडू मी टाकणार नाही,” असं म्हणून व्हर्जिल डॉब्स मार्नीच्या बुटाशेजारी सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकला.

हार्लन फॉल्सच्या बेसबॉल मैदानावर आज ‘व्हर्जिल डॉब्स दिवस’ होता आणि तो क्लबात कामाला असलेल्या मार्नीने आखला होता. दारात प्रत्येकाला व्हर्जिलच्या जुन्या मिशीसारखी चिकटवायची मिशी वाटली होती. बायका, पोरं, पाद्री, सगळे मिशाळ होऊन बसले होते. क्लबचे मालक टिलमन यांनी सकाळीच तिला बजावलं होतं, “व्हर्जिल मैदानात उतरला नाही, तर उद्यापासून आपल्या क्लबच्या शुभंकराच्या, त्या बेजर प्राण्याच्या पोशाखात तू नाचायचं.” त्या केसाळ पोशाखातला आधीचा माणूस उन्हाने चक्कर येऊन पडला होता. पोशाख अजून वाळत होता.

“डॉब्ससाहेब, मानाचा चेंडू आहे हा. पाहुणे तो सामन्याआधीच टाकतात.”

“दंतवैद्य टाकतात. महापौर टाकतात. मी नवव्या डावात येतो.”

हे मात्र खरं होतं. सत्तरच्या दशकात व्हर्जिल फक्त शेवटच्या, नवव्या डावात चेंडू टाकायला यायचा. संघ जेमतेम पुढे असायचा, आणि हा सामन्याला कुलूप लावून किल्ली खिशात टाकायचा. टोपीच्या आकाराची एक छोटी गाडी त्याला कुंपणाजवळच्या बाकावरून मैदानाच्या मधोमध आणून सोडायची. ती गाडी हलली की पाहुण्या संघाचा ड्रायव्हर बाहेर बस चालू करायचा. रेडिओवर त्याचं नाव ऐकलं की गावातल्या बायका बटाटे उकडायला ठेवायच्या. नवरे वेळेवर जेवायला येणार याची खात्री असायची.

“बरं, नववा डाव,” मार्नी म्हणाली.

“आणि आघाडी तीन धावांची किंवा कमी असेल तरच. त्याहून मोठी असली तर कोणीही उरकेल. त्याला मी कशाला?”

सातवा डाव संपला तेव्हा क्लब सहा-दोनने पुढे होता. गाव खूश होतं, व्हर्जिल बाकावर घोरत होता. मार्नी प्रशिक्षक बॉस्कोकडे गेली.

“बॉस्को, दोनेक धावा देता येतील का?”

“कोणाला?”

“त्यांना.”

बॉस्कोने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “मिशी लावून उन्हात फिरू नकोस,” तो म्हणाला.

आठव्या डावात पाहुण्यांनी आपण होऊनच दोन धावा काढल्या. सगळं मैदान सुन्न झालं. एकटी मार्नी उभी राहून टाळ्या वाजवत होती. शेजारच्या आजींनी स्वतःची मिशी काढून तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

सहा-चार. नववा डाव आला. मार्नीने व्हर्जिलला उठवलं, टोपीच्या गाडीत बसवलं आणि स्वतः चालवत आणलं. गाडी दिसताच लोक उभे राहिले. पिकल्या केसांच्या माणसांनी टोप्या काढल्या. कित्येकांच्या मिशा ओल्या होऊन सुटल्या. गोंद हलका होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

व्हर्जिलने चेंडू टाकला. तो दोन टप्पे खाऊन, विचार करत करत समोर झेलायला बसलेल्या कॅचरपर्यंत पोचला. कॅचरने तो आदराने परत दिला, आणि तिथेच घोटाळा झाला. क्लबचा खरा पिचर येफ्री चेंडू घ्यायला येऊन उभा राहिला, तरी व्हर्जिल हलेना.

“साहेब, झालं,” मार्नी म्हणाली.

“तिघं बाद होऊन डाव संपल्याशिवाय मी कधी गेलो नाही.”

पंच तरातरा आला. “याचं नाव आजच्या संघात नाही. आत्ताच्या आत्ता हलवा, नाहीतर सामना पाहुण्यांना देतो.”

“येफ्री, चेंडू काढून घे ना त्यांच्या हातातून.”

“मी नाही बाई. माझ्या बापाच्या दुकानात ह्यांचा फोटो आहे. मला घरी जायचंय.”

मार्नीने वॉकीटॉकी काढला. मैदानाच्या टोकाला धावफलकाच्या मागे गस बसायचा आणि आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या हाताने टांगायचा.

“गस, आपल्या सहाची पाटी उलटी टांग.”

“का?”

“टांग.”

फलकावर 6 चा 9 होऊन नऊ-चार झाले. पंचाने फलक पाहिला, व्हर्जिलला पाहिलं, आणि मग खाली वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

“बघा साहेब,” मार्नी म्हणाली, “पाच धावांची आघाडी.”

व्हर्जिलने डोळे बारीक करून फलक वाचला. “एवढ्यासाठी मला उठवलंत?” त्याने चेंडू येफ्रीच्या हातावर ठेवला. “घे पोरा. उरकून टाक.”

तो गाडीत बसला तेव्हा टाळ्यांनी पत्रे थरथरत होते.

“पाटी उलटी आहे,” तो हळूच म्हणाला. “खिळ्याचं भोक खाली आलंय.”

“मग बाहेर आलात कशाला?” मार्नीने विचारलं.

“दुसऱ्या चेंडूला खांदाच वर येईना. आणि आपण होऊन मैदान कसं सोडायचं ते मला येत नाही. कधी सोडलंच नाही ना.” त्याने सूर्यफुलाची एक बी तोंडात टाकली. “सावकाश ने पोरी. या गाडीतून मी नेहमी आत आलोय. परत पहिल्यांदाच चाललोय.”

मार्नीने गाडी अगदी हळू घेतली. ती कुंपणाबाहेर पडल्यावर मागे पाहुण्यांच्या बॅटचा सणसणीत आवाज झाला आणि सगळं मिशाळ गाव एकदम कण्हलं. व्हर्जिलने मागे वळून पाहिलं नाही.

“किती झालं?”

मार्नीने फलकाकडे पाहिलं. गस पाटी सुलटी करायची विसरला होता.

“नऊ-चार.”

“मग काळजी नाही,” व्हर्जिल म्हणाला.