बिडकीनची गाडी फलाट चारवर

झोपलेल्या माणसाला उठवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मी अकरा वर्षं औरंगाबादच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारतोय. माझ्या आवाजानं बाकड्यावर आडवा झालेला प्रवासी उठतो, विश्रांतीच्या खोलीतला ड्रायव्हर उठतो. त्यामुळे डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "मुलगी जेमतेम दोन किलोची आहे. दर दोन तासांनी उठवून पाजा. सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल," तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो, "उठवायचं माझ्याकडे लागलं!"

पण आमची लेक बापाला भारी निघाली. तळपाय चोळले, कानाची पाळी चोळली, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. बाईसाहेबांनी एक जांभई दिली आणि पुन्हा डोळे मिटले. शनिवारी दुपारी तीन तास उलटून गेले तरी तोंडात दुधाचा थेंब नव्हता. माझ्या बायकोच्या, उमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई, म्हणजे वच्छलाबाई, बाळंतपणासाठी बिडकीनहून आमच्या उस्मानपुऱ्यातल्या खोलीत आल्या होत्या. "जावईबापू, निजल्या लेकराला उठवू नाय. भूक लागली का उठंल की," असं बजावून त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

"अहो, करा ना काहीतरी," उमा म्हणाली.

मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. पाळण्याशी उभा राहिलो, घसा साफ केला आणि ड्यूटीवरच्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पैठणकडे जाणारी, मार्गे बिडकीन, साधी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. गाडी सुटण्याच्या बेतात आहे!"

लेक हलली नाही. सासूबाई हलल्या. ताडकन उठल्या, डोळे मिटलेलेच, उशाशी होतं ते गाठोडं काखेला मारलं आणि दाराबाहेर पडल्या. त्याच वेळी वरच्या खोलीतला रामकिसन एका पायात बूट घालून जिना उतरला. तो पैठणच्याच गाडीचा ड्रायव्हर. त्याची ड्यूटी होती पाचला आणि वाजले होते तीन.

"साहेब, माझी गाडी लागली व्हय? मला कुणी सांगितलं नाय ते!"

मी तोंड उघडेपर्यंत तो समोरच्या रिक्षात पुढं, रिक्षावाल्याला खेटून बसलाही.

"थांब रं बाबा, मला बी बिडकीनला जायाचंय," सासूबाई ओरडल्या, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी जागा धरायला हातातलं गाठोडं मागच्या सीटवर फेकलं. रिक्षा गाठोड्यासकट गेली. सासूबाई रस्त्यात उभ्या. तिथं त्यांना जाग आली.

"जावईबापू, मी इथं कशी?"

मी त्यांना घेऊन खाली मान घालून घरात आलो. खोलीत कुणी काही बोलेना. आणि त्या शांततेत पाळण्यातून एकदम टाहो फुटला! लेक उठली होती. उमानं तिला घेतलं आणि ती तब्बल अर्धा तास चुटुचुटु पीत राहिली.

उमाला हसू आवरेना. ती स्टँडवरच चौकशीच्या खिडकीत बसते, बरोबर माझ्या भोंग्याखाली. "नऊ महिने तिनं पोटात तुमचंच ऐकलंय. ते अंगाईसारखं झालंय तिला. तुम्ही गप्प झालात की तिला जाग येते."

तेवढ्यात लेकीनं दुपटं भिजवलं, आणि गाठोड्यात काय होतं ते सगळ्यांना एकदम आठवलं. घरातले सगळे धुतलेले लंगोट! त्या संध्याकाळी माझी लेक माझ्या खाकी शर्टात गुंडाळून झोपली. शर्टावर एसटीचा बिल्ला होता. तो तिला असा शोभत होता म्हणून सांगू!

त्यानंतर दर दोन तासांनी मी पाच-सहा गाड्या पुकारायचो आणि एकदम गप्प व्हायचो. सोमवारी वजन शंभर ग्रॅमनं जास्त भरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय केलंत?"

"यांना गप्प बसवलं," उमा म्हणाली.

मी मात्र ताठ मानेनं थेट ड्यूटीवर गेलो. माइकपुढं पहिलीच चिठ्ठी ठेवलेली होती. खणखणीत आवाजात वाचली, "रिक्षात विसरलेलं लहान बाळाच्या लंगोटांचं गाठोडं चौकशी खिडकीत जमा आहे. ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे."

सगळा स्टँड हसला. मी माइक बंद केला आणि ओळख पटवायला गेलो.