सासऱ्यांचा अंगठा आणि साठ लाख अक्षरं

"जंतू खोटं बोलत नाही!" जंतूभाऊंनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला लवंडला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "माणसं थापा मारतील, डॉक्टर थापा मारतील! पण जंतूचा जीनोम एकदा वाचून काढला ना, की चोर हातात! कुठल्या पाण्यातून आला ते पत्त्यासकट सांगतो!"

जंतूभाऊ हे त्यांना सासरी पडलेलं नाव. ते एका संशोधन संस्थेत जंतूंचे जीनोम वाचायचे. म्हणजे त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या पोटातली साठेक लाख अक्षरं ओळीने लावायची आणि एकाची पोथी दुसऱ्याच्या पोथीशी ताडून बघायची. नळा-डबक्यातला जंतू आणि रुग्णाच्या जखमेतला जंतू, यांच्यात नातं काय, फरक काय, हा त्यांचा विषय. सासूबाईंच्या मते हा विषय नव्हताच. माणसाला दुसरा उद्योग नसल्याचा तो पुरावा होता.

पण आता हा उद्योग घरात चालून आला होता. सासऱ्यांना नवी चप्पल चावली. फोड आला, फुटला, हॉस्पिटलात मलमपट्टी झाली आणि बघता बघता अंगठ्याचं वांगं झालं. रंगसुद्धा तोच! पू तपासला तर एक हट्टी जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, "हा पाण्यातला. घरात कुठे पाणी साठवता का?"

"आहे ना!" सासूबाई टपूनच बसल्या होत्या. "माशांची टाकी!"

ती टाकी म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. लग्नानंतर सासूबाईंशी ते जेवढं बोलले नसतील, तेवढं रिटायर झाल्यावर माशांशी बोलले होते. हेच तर सासूबाईंना खुपत होतं!

"माझे मासे निर्दोष आहेत!" सासरे गरजले. "यांच्या हॉस्पिटलचेच नळ तपासा! जावईबापू, तुम्ही माशांचे वकील!"

"चालेल," सासूबाई म्हणाल्या. "तपासा. दुसरा कुणी सापडला नाही, तर टाकी भंगारात."

झालं! जंतूभाऊंनी अंगठ्यातल्या जंतूची पोथी वाचायला घेतली आणि सासूबाईंना फोन केला. "आई, रविवारी येतो. मोरी, सिंक, नळ, सगळ्यांचे नमुने घ्यायचेत."

आता जावई येणार, तोही घरातली घाण बघायला! कुठल्या सासूला हे सोसेल? रविवारी दार उघडलं तेव्हा ब्लीचच्या वासाने जंतूभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नळ चांदीच्या दुकानातल्यासारखे चमकत होते. कापसाच्या काड्या त्यांनी जिथे जिथे फिरवल्या, तिथे जंतू औषधालासुद्धा सापडला नाही. नाही म्हणायला माशांच्या टाकीत मात्र सापडला, कारण सासरे आदल्या दिवसापासून टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि सासूबाईंना जवळ फिरकू देत नव्हते.

"बघितलंत?" सासूबाई म्हणाल्या. "फक्त तिथेच!"

हॉस्पिटलातही तीच तऱ्हा. जंतूभाऊ येणार हे कळल्यावर तिथे रातोरात नवे नळ बसले! अख्ख्या वॉर्डात रंगाचा वास. एका रुग्णाच्या बाहीलाही रंग लागला होता.

दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. जंतूभाऊ पेटले! "न सांगता धाड घालणार!" असं बायकोला बजावून त्यांनी तिच्याकडची किल्ली घेतली आणि भर दुपारी, सासूबाई झोपलेल्या असताना, चपला हातात धरून सासरी शिरले. ते मोरीत ओणवे होऊन जाळीत काडी घालतात न घालतात, तोच मागून केरसुणी पाठीत बसली.

"चोर! चोर!"

"आई, मी! मी आहे!"

"तुम्ही? मोरीत? काय शोधताय काय?"

"नैसर्गिक अवस्था!" पाठ चोळत पण ताठ मानेने जंतूभाऊ म्हणाले.

"अवस्था तुमची बघा आधी," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्यापर्यंत भिजलात."

तरी काडी त्यांनी सोडली नाही. नमुने लॅबमध्ये गेले. अशा तुलनेत एक लांबचा, अजिबात संबंध नसलेला जंतूही घालतात, म्हणजे फरक उठून दिसतो. तेवढ्यासाठी कुठे लांब जा, म्हणून त्यांनी आपल्याच लॅबच्या बेसिनमधून एक काडी फिरवली.

निकाल आला. टाकीतला जंतू आणि अंगठ्यातला जंतू यांच्यात हजारो अक्षरांचा फरक. मासे सुटले! मोरीतल्या जंतूतही तेवढाच. सासूबाईही सुटल्या! आणि त्या अजिबात संबंध नसलेल्या बेसिनमधल्या जंतूत?

साठ लाख अक्षरांत फरक चार!

जंतूभाऊंनी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. पुन्हा मोजलं. चार! मग त्यांना हळूहळू आठवलं. जावई काम करतो ती जागा बघायला सासरे लॅबवर आले होते. नव्या चपलेने लंगडत होते. आणि कुणी तरी मोठ्या अगत्याने त्यांना स्टुलावर बसवून म्हटलं होतं, "बाबा, पाय बेसिनमध्ये घ्या आणि फोड स्वच्छ धुऊन काढा. आमच्यासारखं पाणी शहरात मिळणार नाही!"

"अरे, सांगू नकोस!" बायको हबकली. "काहीच सापडलं नाही म्हण."

"मग टाकी भंगारात जाईल!"

"जाऊ दे! मासे आहेत ते. तू नवरा आहेस माझा!"

"मी त्यांचा वकील आहे," जंतूभाऊ म्हणाले आणि छाती पुढे काढून सासरी गेले.

"चोर सापडला! पत्त्यासकट! माझ्या लॅबचं बेसिन!"



"म्हणजे तुम्ही," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही, बेसिन!"

"आणि त्यात यांचा पाय कुणी घालायला लावला?"

"ते... मी. पण पद्धत अचूक निघाली की नाही ते सांगा! चार अक्षरं, आई! फक्त चार!"

सासरे टाकीला मिठी मारून बसले होते. "बघा रे बाळांनो, सुटलात!" अंगठ्याचा त्यांना पार विसर पडला होता.

सासूबाईंनी निकाल दिला. "टाकी राहील. बेसिन जाईल. ते निघेपर्यंत जावईबापूंना या घरात चहासुद्धा नाही."

जंतूभाऊ तडक संचालकांकडे गेले. संचालक दचकून म्हणाले, "आपल्या संस्थेत जंतू? हळू बोला! पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत. नंतर समिती नेमू."

"समिती बसेपर्यंत बेसिनमधल्या जंतूंना पणतवंडं होतील!" जंतूभाऊ बाहेर येऊन सासऱ्यांना फोनवर कडाडले. "मी स्वतः उखडतो!"

"मीही येतो," सासरे म्हणाले. "माझ्या माशांची बदनामी झाली आहे." आणि पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत, लॅब रिकामी असताना, ते अंगठ्याला बँडेज आणि हातात पाना घेऊन हजर झाले.

"बाबा, कॉक बंद केलात?"

"केला की."

"तो डावीकडे फिरवल्यावर बंद होतो ना?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"टाकीचा होतो!"

पाना फिरला. बेसिन निघालं. त्याच्या मागोमाग नळ निघाला आणि नळामागून पाणी. खालच्या मजल्यावर संचालक पाहुण्यांना चहा देत होते. त्यांच्या खोलीचं छत आधी ओलं झालं. मग खाली आलं.