बापटांचा क्लच काही ठरेना

आमचे शेजारी बापट पाहुण्याला पाण्याच्या आधी वजनकाटा देत. खुर्चीत बसवायचे, काटा पायाशी सरकवायचे आणि सांगायचे, "टाच टेकू नका. डावा पाय सहज दाबेल तेवढाच दाबा." आलेला आकडा वहीत जायचा. माझे अठरा किलो भरले, तेव्हा "शाळामास्तराच्या मानाने बरे आहेत" असा शेरा मिळाला.

बापट भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. ऐंशी सालच्या आसपास आमच्या कॉलनीत तीन स्कूटर आणि एकच मोटार होती, ती त्यांची. चालवायच्या मात्र मालतीवहिनी. बापटांना इंजिन उघडता यायचे, गर्दीत गाडी हाकता यायची नाही. खंडाळ्याच्या घाटात गाडी धापा टाकायची आणि मालट्रक हॉर्न देत पुढे निघून जायचे, याचा वहिनींना भारी राग. म्हणून बापटांनी भंगारातून एका डिझेल जनरेटरचा टर्बो आणला. धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, हे ते भाजीवाल्यालाही समजावून सांगत. दोन वर्षे खटपट करून त्यांनी तो बसवला. इंजिनाला बळ आले आणि क्लच घसरायला लागला. इंजिन बोंबलायचे, गाडी जागची हलायची नाही.

त्यातच वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा वाचली, डावा पाय गेला. क्लच दाबतात तोच पाय.

दुसरा कोणी गाडी विकून मोकळा झाला असता. बापटांनी नवा क्लच शोधायला घेतला. टर्बोचा जोर पेलेल इतका घट्ट आणि वहिनींच्या पायाला दबेल इतका मऊ. घट्ट पकडायचे तर स्प्रिंग कडक लागते आणि स्प्रिंग कडक असली की पेडल जड होते, हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते? तरी जीपची क्लचप्लेट आणून झाली, ट्रकची झाली, पितळी बटणांची मुद्दाम बनवून घेतली. गॅरेजातला तुकाराम मिस्त्री शेवटी वैतागला. "सायेब, घट्ट बी पायजे आन् मऊ बी पायजे, असं न्हाई व्हत. काय तरी एक ठरवा." बापट म्हणाले, बघू. अख्खी कॉलनी त्यांना हसायची. मीही हसायचो, आता त्याची लाज वाटते.

खंडेनवमीला भोसरीत जो तो आपापल्या यंत्राची पूजा करतो. बापटांनी पाटावर तिन्ही प्लेटा मांडल्या, कारण निवड व्हायची होती. एकीला फूल जास्त जाऊ नये म्हणून झेंडू मोजून वाहिले. मला हसू आवरेना. वहिनी हसल्या नाहीत. बापट प्रसाद आणायला आत गेले तशा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, पाय आता येणार नाही, असं डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलंय. ह्यांनाही ठाऊक आहे. पण क्लच ठरत नाही तोवर गाडी क्लचमुळे उभी आहे. एकदा ठरला, की माझ्यामुळे."

बापट प्रसाद घेऊन आले, तेव्हा मी पाटावरचे झेंडू पुन्हा मोजत होतो.

दिवाळीत बापटांनी विचारले, पाडव्याला ओवाळणी काय हवी? वहिनी म्हणाल्या, क्लच बसवा, एकदाचं ठरू दे. बापटांचा नाइलाज झाला. त्यांनी टर्बो काढून ठेवला आणि मिळाला तो सगळ्यांत मऊ क्लच बसवला. घाट नाही चढली तरी चालेल, म्हणाले. पाडव्याच्या सकाळी त्यांनी मला पेडल पाहायला बोलावले. मी वाकून तळव्याने दाबले, सहज खाली गेले.

मग आम्ही दोघांनी धरून वहिनींना स्टिअरिंगमागे बसवले. त्यांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून पेडलवर ठेवला आणि ओठ आवळून जोर केला. कपाळाला घाम आला. पुन्हा एकदा जोर केला. पेडल हलले नाही.

बापट घाईघाईने खाली वाकले. "स्प्रिंगच कडक राहिली," म्हणाले. "तुझा पाय तरी काय करणार? माझीच निवड चुकली." मग माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या शेजारात या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. "मास्तर, तुम्ही दाबून पाहिलंत ना सकाळी? कडक आहे की नाही?"

वहिनीही माझ्याकडेच बघत होत्या.

"फार कडक आहे," मी म्हणालो. "मला दोन्ही हात लावावे लागले."